वहीच्या मागच्या पानांवरचे इंग्रजी

एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत आठ वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांच्याकडे नववीच्या दोन आणि दहावीची एक तुकडी असून प्रत्येक तुकडीत 58 मुले आहेत. गेल्या पालकसभेत एका वडिलांनी मुलीची वही उघडून दाखवली. तिच्या तीन पानांवर तपासल्याची लाल सही नव्हती. दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांची सूचना आली, की वर्गपाठ आणि गृहपाठ यांचे एकही पान तपासल्याशिवाय राहता कामा नये. त्याच आठवड्यात या शिक्षिकेने नववीच्या एका तुकडीला, आधी कल्पना न देता, नुकत्याच झालेल्या पाठाखालचे तीन प्रश्न वही-पुस्तक मिटून सोडवायला सांगितले. हीच उत्तरे 55 मुलांच्या वहीत बिनचूक होती. कोऱ्या कागदावर मात्र 31 मुलांना एकही पूर्ण वाक्य लिहिता आले नाही.

त्या लिहितात, "मुले फसवतात आणि मी त्या फसवणुकीवर सही करते, असे मला वाटू लागले आहे. स्वतःच्या मनाने लिहा म्हटले, तर मुले म्हणतात, 'मॅडम, फळ्यावर उत्तर द्या ना.' काही जण घरून मोबाइलवरून भाषांतर करून आणतात आणि तेच वाचून दाखव म्हटले की खाली बघतात. गृहपाठ बंद करावा, की नक्कल करणाऱ्यांना शिक्षा करावी, की दहावीचे वर्ष लक्षात घेऊन निमूटपणे उत्तरे लिहून द्यावीत?" शेवटी त्यांनी नववीतल्या एका मुलाविषयी लिहिले आहे. त्याचे अक्षर वर्गात सर्वांत सुंदर आहे, वही पूर्ण आहे, पण त्याला त्यातले एक वाक्यही वाचता येत नाही.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला 'फसवतात' हा शब्द मला आधी बाजूला काढून पाहावासा वाटतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर उभे आहेत. मुले फसवत असतील, तर शिक्षेचा विचार योग्य ठरतो. पण मुलाच्या जागी बसून पाहिले, तर वेगळेच दिसते. पाचवी-सहावीपासून त्याची वही त्याच्याकडे परत आली, तेव्हा त्याने पाहिले आहे, की जिथे त्याने स्वतःच्या मनाने काही लिहिले तिथे लाल रेघा आहेत आणि जिथे फळ्यावरचे किंवा गाईडमधले उतरवले तिथे 'छान' असा शेरा आहे. ज्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नाही, तिथल्या मुलाने यातून जो निष्कर्ष काढायचा तोच काढला: इंग्रजीच्या वहीत आपले वाक्य लिहायचे नसते. आपण उत्तर फळ्यावर लिहितो, मूल ते वहीत उतरवते आणि संध्याकाळी आपण तेच तपासतो; म्हणजे आपण आपलेच उत्तर तपासत असतो. यात फसवणूक कोणाचीच नाही. आपण जे मागितले, तेच मुलांनी आपल्याला दिले आहे.

हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण हीच चूक मी स्वतः कितीतरी वर्षे केली आहे. एका शाळेत नववीला रजेचा अर्ज शिकवत होते. फळ्यावर नमुना दिला होता, त्यात कारण होते तापाचे. पन्नासएक वह्या तपासताना एका मुलाचा अर्ज निराळा निघाला. त्याने लिहिले होते, 'माय फादर मदर गो टू शुगरकेन कटिंग. आय लीव्ह माय सिस्टर टू ग्रँडमदर व्हिलेज.' आईवडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाले होते आणि लहान बहिणीला आजीच्या गावी पोचवायला त्याला खरोखरच चार दिवसांची रजा हवी होती. मी दोन्ही वाक्यांवर रेघ मारली आणि शेजारी लाल शाईने लिहिले, 'आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर.' त्या दिवशीच्या सगळ्या अर्जांमध्ये खरे कारण असलेला तो एकच अर्ज होता आणि मी तोच खोडला. पुढे वर्षभर त्या मुलाने माझ्या वहीत फक्त ताप, डोकेदुखी आणि काकांचे लग्न लिहिले. त्याच्या दोन वाक्यांत काय चुकले होते, हे मला आजही सांगता येते. त्यांत बरोबर काय होते, ते मी तेव्हा पाहिले नाही. कोण, कुठे आणि कशासाठी जाणार, हे त्याने इंग्रजीत कळवले होते. अर्जाचे काम तेच असते.

आता तपासणीकडे येऊ. प्रत्येक पान तपासले पाहिजे हे तुम्ही आणि तुमच्या मुख्याध्यापकांनी गृहीत धरले आहे, म्हणून हिशेब मांडून पाहा. तीन तुकड्यांची मुले 174 होतात. एका वहीला केवळ 2 मिनिटे दिली, तरी 348 मिनिटे, म्हणजे जवळजवळ 6 तास लागतात. तेही रोज, टाचण काढणे, निकालपत्रके आणि बदली तास सांभाळून. हे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही, आणि जे शक्य नसते त्याची जागा नुसती सही घेते. सही करणारा हात थकतो आणि वाचणारे डोळे मिटतात. तुम्ही तुमच्या सहीला फसवणुकीवरची सही म्हणालात, त्यामागे हा थकवा आहे, असे मला वाटते.

त्या वडिलांवरही रागावू नका. इंग्रजी न येणाऱ्या पालकाला मुलीच्या इंग्रजीच्या वहीत वाचता येण्यासारखी एकच खूण असते, आणि ती म्हणजे तुमची लाल सही. ती दिसली नाही, म्हणजे मुलीकडे कोणाचे लक्ष नाही, असा अर्थ त्यांनी लावला. त्यामागची काळजी खरी आहे. त्यांना वाचता येईल अशी दुसरी खूण आपण दिलेली नाही, एवढेच.

दहावीच्या भीतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण नक्कल चालू ठेवण्याचे सगळ्यात मोठे समर्थन तिथूनच येते. मराठी माध्यमाच्या मुलांची तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा 80 गुणांची आणि शाळेने स्वतः करायचे अंतर्गत मूल्यमापन 20 गुणांचे आहे. त्या 80 गुणांची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, समोर घेऊन बसा आणि जे फक्त पाठ करून लिहिता येईल त्यावर पेन्सिलने खूण करत जा. पाठ्येतर, म्हणजे पुस्तकाबाहेरचा, उतारा मुलाने पूर्वी पाहिलेला नसतो. प्रत्येक उताऱ्याखालची शेवटची कृती वैयक्तिक प्रतिसादाची असते. तिथे 'तुला काय वाटते' असे विचारलेले असते. पत्र किंवा माहितीचे रूपांतर (तक्त्यातली किंवा आकृतीतली माहिती वाक्यांत मांडणे, किंवा याच्या उलट) यांचा साचा पाठ करता येतो, पण साच्यात भरायचा मजकूर त्या दिवशीच कळतो. भाषांतरासाठी 5 गुण आहेत, तिथे शब्द, वाक्ये आणि म्हण किंवा वाक्प्रचार मराठीत आणायचे असतात. कवितेचे रसग्रहण मात्र आपली मुले सगळीकडे एकाच साच्यात घोटतात: कवितेचे शीर्षक हे, कवी हे, यमकरचना ही आणि मला ही कविता आवडली कारण ती फार छान आहे. म्हणजे ज्या परीक्षेसाठी आपण उत्तरे उतरवून देतो, तिचाच मोठा भाग उतरवलेल्या उत्तरांना दाद देत नाही. पाठाखालच्या प्रश्नांची उत्तरे लिहून देणे ही दहावीची तयारी आहे, हे गृहीतक मला म्हणूनच मान्य करता येत नाही.

अंतर्गत 20 गुणांचीही एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. 2018-19 या वर्षी भाषा विषयांचे हे गुण काढून लेखी परीक्षा 100 गुणांची केली गेली. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता, तो 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षापासून हे गुण परत आले. तेव्हा बोलले गेले, की शाळा हे गुण वाटून टाकतात. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण मला त्यातून एवढेच कळले, की वर्गात रोज होणाऱ्या कामावर समाजाचा विश्वास उरलेला नाही, आणि तो परत मिळवायचा असेल, तर वर्गपाठाच्या वहीत मुलाचे स्वतःचे काम दिसावे लागेल.

स्वतःचे काम म्हणजे चुकांनी भरलेले काम, हे मला माहीत आहे. इथे तुमच्या मनात आणखी एक गृहीतक आहे, जे तुम्ही लिहिले नसले तरी ओळींमध्ये दिसते: आधी इंग्रजी बरोबर यावे, मग मुलाने लिहावे. भाषा अशी येत नाही. 1967 साली एस. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने मांडले, की शिकणाऱ्याच्या चुकांमागे त्याची स्वतःची एक व्यवस्था असते आणि तो भाषा कुठपर्यंत शिकला आहे याचा पुरावा त्या चुकाच देतात. आपल्या मुलांची 'आय डिड नॉट वेंट' ही चूक घ्या. मराठीत आपण 'मी गेलो नाही' असे म्हणतो. भूतकाळ 'गेलो' या क्रियापदातच राहतो आणि 'नाही' त्याच्या मागून येते. इंग्रजीत 'डिड'ने भूतकाळ उचलला, की क्रियापदाने तो खाली ठेवायचा असतो, हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नाही. मराठीत 'द'च्या जोडीचा शब्दच नाही, म्हणून तो गळतो. 'आय अ‍ॅम गो' असे लिहिणाऱ्या मुलाने 'आय' आणि 'अ‍ॅम' हे एकत्रच पाठ केलेले असतात, कारण पहिलीपासून त्याने 'आय अ‍ॅम अ बॉय' म्हटले आहे. हे सगळे विचार करणाऱ्या डोक्याचे पुरावे आहेत. गाईडमधून उतरवलेल्या बिनचूक वाक्यात असा कोणताच पुरावा नसतो, म्हणून ती वही तपासून तुम्हाला उद्या काय शिकवावे हेही कळत नाही. त्या दिवशी कोऱ्या कागदांवर तुम्हाला जी तुटकी वाक्ये मिळाली, ती कृपया फेकू नका. तुमच्या पुढच्या दोन महिन्यांचे नियोजन त्यांत आहे.

मग काय करावे? मी एक साधी गोष्ट सुचवते. मुलांच्या वह्यांची मागची पाने तुम्ही पाहिलीच असतील. तिथे फुली-गोळा असतो, मित्रांची नावे असतात, सहीचा सराव असतो, क्रिकेटची धावसंख्या असते. वहीचा तो एकच भाग मुलाला आपला वाटतो, कारण तिथे लाल पेन पोचत नाही. इंग्रजीची वही त्या बाजूनेही सुरू करा. पुढून नेहमीप्रमाणे पाठाची नीट लिहिलेली उत्तरे, शब्दार्थ आणि पत्रांचे नमुने राहू द्या. परीक्षेपूर्वी ते मुलांना वाचायला लागते आणि मुख्याध्यापकांनाही ते दिसायला हवे. मागून मात्र रोज तारीख घालून मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेली तीन ते पाच वाक्ये असतील. तिथला नियम एकच: पुस्तक मिटलेले आणि फळा कोरा.

35 मिनिटांच्या तासात हे बसत नाही, अशी तुमची हरकत असेल. सुरुवातीला खरोखरच बसणार नाही. पहिल्या आठवड्यात मुले पेन धरून बसून राहतील आणि तुम्हाला वाटेल की तास वाया गेला. पण पाठ शिकवण्याची पद्धत थोडी बदलली, तर वेळ सापडतो. सध्या आपण उतारा वाचतो, ओळ-ओळ मराठीत सांगतो, मग प्रश्न वाचतो आणि उत्तर फळ्यावर लिहितो. यातली शेवटची पायरी दहा-बारा मिनिटे खाते. ती काढून टाका. उतारा वाचून झाला, की त्यावर वर्गाशी बोला, मराठीतही बोला. त्या बोलण्यात येणारे पाच-सहा इंग्रजी शब्द फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहा. मग सात मिनिटे शांतता ठेवून मुलांना लिहू द्या. नंतर शेजाऱ्याशी वही बदलून एकमेकांची वाक्ये वाचू द्या. उरलेल्या वेळात फिरता फिरता पाहिलेली चार वाक्ये नाव न सांगता फळ्यावर घ्या आणि ती वर्गाकडून सुधारून घ्या. अट अशी, की त्या चारांतले एक वाक्य तरी चांगले असले पाहिजे आणि ते चांगले का आहे, हे तुम्ही सांगितले पाहिजे.

मराठीत बोला, असे मी मुद्दाम म्हणते. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे म्हणजे हार, अशी अपराधी भावना अनेक शिक्षकांच्या मनात असते. ज्या विषयाच्या परीक्षेतच भाषांतराला गुण आहेत, तिथे मराठी ही उधार आणलेली वस्तू नाही. मुलाला काय म्हणायचे आहे, ते आधी त्याच्या भाषेत ठरू द्या. म्हणायला काही नसेल, तर ते कोणत्याच भाषेत लिहिता येणार नाही.

मोठ्या वर्गात असे काम होते का, ही शंका रास्त आहे. 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत एन. एस. प्रभू यांनी बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जाणारा प्रयोग चालवला. त्यात व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना रोज एक कोडे सोडवायला दिले जाई: रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, एखाद्याच्या दिवसभराच्या कामांचे कोष्टक. आधी तसेच एक कोडे शिक्षक पूर्ण वर्गाबरोबर तोंडी सोडवत, मग दुसरे प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे. काम फार सोपे किंवा फार अवघड होऊ नये, म्हणून निकष असा, की निम्म्या मुलांना निम्मे तरी जमले पाहिजे. हा निकष मला आजही फार उपयोगाचा वाटतो, कारण सगळ्यांना सगळे जमलेच पाहिजे, या आपल्या हट्टातून तो आपल्याला सोडवतो. तुमच्या गावच्या एसटी स्थानकावरचे वेळापत्रक फळ्यावर काढा. जिल्ह्याच्या गावी 11 वाजता परीक्षा आहे, प्रवासाला दीड तास लागतो, तर मुलीने कोणत्या गाडीने निघावे आणि का, हे तीन इंग्रजी वाक्यांत लिहायला सांगा. याचे उत्तर गाईडमध्ये नाही, शेजाऱ्याचे पाहिले तरी 'का' स्वतःलाच लिहावे लागते, आणि माहितीच्या रूपांतराचा सराव आपोआप होतो.

मागच्या पानांची तपासणी अशी करता येईल. प्रत्येक तुकडीतल्या रोज 8 वह्या घ्या. तीन तुकड्यांच्या 24 होतात, आणि एकेका वहीला 2 मिनिटे दिली, तर पाऊण तासाच्या वर फारसा वेळ लागत नाही. आठ कामाच्या दिवसांत प्रत्येक मूल एकदा तरी तुमच्या नजरेखालून जाते. सगळ्या चुका सुधारू नका. लेखनातल्या व्याकरणदुरुस्तीचा उपयोग होतो की नाही, यावर भाषातज्ज्ञांत मोठा वाद झाला आहे. 1996 साली जॉन ट्रस्कॉट यांनी ही दुरुस्ती सोडूनच द्यावी, असे मत मांडले, तर डेना फेरिस यांनी त्याला विरोध केला. नंतरच्या काही अभ्यासांत एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष दिल्यास फायदा होत असल्याचे दिसले, आणि वर्गातला माझा अनुभव तोच आहे. एक आठवडा फक्त भूतकाळ बघा, पुढचा आठवडा 'इज' आणि 'आर' बघा. चुकीभोवती गोल करा आणि बरोबर रूप मुलालाच खाली लिहू द्या. गोल करण्याआधी मुलाने जे म्हटले आहे त्याला एका ओळीचे उत्तर द्या. म्हशीला रेडकू झाले असे त्याने लिहिले असेल, तर त्याचे नाव काय ठेवले ते विचारा. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही मिळताच मागून उघडेल.

गृहपाठ बंद करू नये, असे माझे मत आहे; पण तो लहान करावा आणि गाईडला किंवा मोबाइलला उत्तर देता येणार नाही, असा असावा. घरी कोणाला तरी मराठीत एक प्रश्न विचारून यायचे आणि त्यावर तीन वाक्ये लिहायची: आजच्या दुधाला डेअरीत काय भाव मिळाला, आजी शाळेत कितवीपर्यंत होती, दुकानात सगळ्यात आधी काय संपते. मुलाने यातले एखादे वाक्य मोबाइलवर भाषांतर करून आणले, तर मी त्याला गुन्हा म्हणणार नाही. मात्र वर्गात ते मोठ्याने वाचता आले पाहिजे आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगता आला पाहिजे, असा नियम करा. ज्याला हे जमले, तो त्या यंत्राकडून काहीतरी शिकला आहे. ज्याला जमणार नाही, तो पुढच्या वेळी आपोआप लहान वाक्य लिहील. सहा ओळींची, वाचता न येणारी भरजरी वाक्ये आणण्यापेक्षा 'माय आजी स्टडी टिल थर्ड' हे वाक्य मला जास्त मोलाचे वाटते. 'आजी'ला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्याला उद्या सांगता येईल.

शिक्षेचा विचार मात्र सोडून द्या. एका वर्गात 31 मुलांना एकही वाक्य येत नसताना शिक्षा कोणाकोणाला करणार? शिवाय ज्याला आधीच वाटते, की इंग्रजी आपले नाही, त्याला शिक्षेने त्याची खात्री पटेल.

दहावीच्या तुकडीत मी थोडी सावधगिरी बाळगेन. त्यांच्या हातात वर्ष कमी आहे आणि नमुन्यांचा आधार एकदम काढून घेणे त्यांच्यावर अन्याय होईल. पत्राचा साचा, रसग्रहणाचे मुद्दे, हे त्यांना द्याच. पण रसग्रहणातले 'मला ही कविता का आवडली' हे शेवटचे वाक्य प्रत्येकाचे वेगळे असलेच पाहिजे, असा आग्रह धरा आणि आठवड्यातून दोनदा पाठ्येतर उताऱ्यावरचा वैयक्तिक प्रतिसाद मागच्या पानांवर लिहून घ्या. नववीत पूर्ण बदल आणि दहावीत हा एवढाच, हे मला व्यवहार्य वाटते. जून ते दिवाळी एवढा काळ नववीत टिकलात, तर पुढच्या वर्षीची दहावी तुम्हाला वेगळी मिळेल.

मुख्याध्यापकांशी बोलताना तक्रारीने सुरुवात करू नका. एकाच मुलाच्या दोन गोष्टी घेऊन जा: त्याची पूर्ण वही आणि त्या दिवशीचा त्याचा कोरा कागद. दोन्ही शेजारी ठेवा आणि विचारा, की यांपैकी कोणत्या कागदावरून आपल्याला दहावीचा निकाल आधी कळेल. मग महिनाभर एकाच तुकडीत हा प्रयोग करण्याची परवानगी मागा आणि रोजच्या 8 वह्यांची नोंद टाचणवहीत ठेवा, म्हणजे कोणते पान कधी पाहिले, याचे उत्तर तुमच्याकडे लेखी असेल. बहुतेक मुख्याध्यापकांना वहीपेक्षा पालकसभेतला प्रश्न जास्त टोचत असतो. म्हणून पुढच्या पालकसभेत त्या वडिलांसमोर त्यांच्या मुलीला मागच्या पानावरची स्वतःची तीन वाक्ये वाचायला सांगा आणि त्यांचा मराठी अर्थ तिलाच सांगू द्या. घरीही आठवड्यातून एकदा तिने असेच वाचून दाखवावे आणि त्या पानाखाली सही तिच्या वडिलांनी करावी. इंग्रजी न येणाऱ्या पालकांनाही मुलाचे इंग्रजी असे तपासता येते. इतर पालकांनाही मी हेच सुचवेन: वही किती भरली ते पाहण्याआधी मुलाला तिच्यातले एक पान वाचून दाखवायला सांगा.

आता त्या सुंदर अक्षराच्या मुलाबद्दल. त्याचे अक्षर हे त्याने वर्षानुवर्षे जपलेले कवच आहे, ते काढून घेऊ नका. नववीपर्यंत पोचूनही वाचता न येणारे मूल वर्गात किती भीती घेऊन बसते, याची आपल्याला पुरती कल्पना नसते. त्याला सगळ्यांसमोर वाचायला सांगू नका. मधल्या सुट्टीत पाच मिनिटे त्याला जवळ बसवा आणि काल काय केले ते त्याच्या घरच्या बोलीत विचारा. तो जे सांगेल, त्यातले एक वाक्य तुम्ही इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा: 'आय फेड द गोट्स.' प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून ते त्याच्याबरोबर दोनदा वाचा. मग त्याच्या त्या सुरेख अक्षरात ते खाली उतरवू द्या, कारण या वेळी उतरवलेले वाक्य त्याचे स्वतःचे असेल. दुसऱ्या दिवशी आधी कालचे वाचायचे, मग नवीन सांगायचे. शेळ्या, चारा, विहीर, भाऊ हे त्याचे शब्द परत परत येतील आणि तो ते ओळखू लागेल. अक्षरांचे उच्चार त्या ओळखीच्या शब्दांतूनच दाखवा. पहिले दोन आठवडे त्याच्या मागच्या पानांवर रोजचे एवढे एकच वाक्य असू द्या, आणि त्याच्या पुढच्या पानांवर सही राहिली, तरी चालेल.